कपाच्या तळातली कानबाई

सुरुवातीलाच माफी मागतो. लेख कोणी लिहावा याचे काही नियम असतील तर ते मला कोणी सांगितलेले नाहीत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि लिहिणं म्हणाल तर दादा, म्हणजे वडील, टपरीच्या फळीवर खडूने ‘आज बंद’ लिहितात, तेवढंच. त्यातून माझा विषय कपांचा, आणि तेही जुन्या जपानी कपांचा. ज्यांच्या बैठकीत काचेचं कपाट असतं त्यांनी अशा विषयावर लिहिलं तर शोभतं. माझे वडील पारोळ्याला मार्केट यार्डाच्या फाटकाशी चहा विकतात, काचेच्या ग्लासात. घरी पाहुणा आला तर टपरीवरचेच दोन ग्लास धावत घरी आणावे लागत. तेव्हा मी कपांवर लिहिणं हा आगाऊपणा आहे हे मला कळतं. पण श्रावण पुन्हा आला आहे, आणि गेल्या श्रावणाचा राग अजून गेलेला नाही. तो कागदावर काढावा असं वाटलं. कोणाला उगाच वाटलं तर पान उलटून पुढे जावं.

जळगावला आमच्या हॉस्टेलच्या मागे एक चक्की आहे. परवा तिच्या दारावर पुठ्ठा लागला, ‘रोटाचं दळण सकाळी, चक्की धुऊन’. तो पुठ्ठा वाचून मी तिथेच थांबलो. गल्लीतल्या बाया ओट्यावर सुपं घेऊन गहू निवडत बसल्या होत्या. कोणीतरी ढोल तापवत होतं, नुसतं एक-दोनदा वाजवून बघत होतं. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नाक, नथ लावून तिला चौरंगावर मांडतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ टाकून पीठ दळतात, त्याचा रोट, म्हणजे पुरणपोळ्यांचं जेवण, करतात आणि तो ज्याने त्याने आपल्या वाट्याचा, भाऊबंदांतच बसून संपवायचा असतो, बाहेर जाऊ द्यायचा नाही. सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला नदीवर बोळवतात. पुण्या-सुरतेला गेलेली माणसं दिवाळीला येणार नाहीत, पण कानबाईला येतील. एवढं सांगितलं की पुढचं समजायला सोपं जाईल.

माझ्या कॉटखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात माझे कप आहेत, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेले. खोलीत माझ्याबरोबर राहणारा किरण तिला ‘भूषणचा हुंडा’ म्हणतो. सगळे कप जपानी, सगळ्यांच्या बुडाला लाल अक्षरांत तसा शिक्का, आणि सगळ्यांत काही ना काही खोट. एकाचा कान गेलेला. एकाची सोनेरी कड घासून घासून पुसलेली. एकावर डोंगर आणि पूल रंगवलेला, पण पुलावरचा माणूस कोणाच्या तरी भांडी घासायच्या राखेने खरवडला गेलेला. आणि एकाही कपाला बशी नाही. यावर मी फार चिडायचो. जामनेरच्या बाजारात, धुळ्याच्या जुन्या सामानाच्या दुकानात, जिथे जाईन तिथे कप भेटायचा आणि बशीचं विचारलं की दुकानदार हसायचा. मग एक दिवस दादांच्या टपरीवर बसलो असताना लक्षात आलं, आपल्याकडे लोक चहा पितात तो बशीतून. कप नुसता आणून देण्यापुरता. जिला रोज ओठ लागतात ती आधी फुटते, आणि जो बाजूला बसून राहतो तो माझ्यासारख्याच्या ट्रंकेत येतो. हे लक्षात आल्यावर समाधान व्हायला हवं होतं. मला उलट वाईट वाटलं, कारण मग मी जमवतोय ते काय, तर लोकांना ज्याची गरज पडली नाही ते.

हे का जमवतोस, असं विचारलं की मला उत्तर येत नाही. मराठीच्या मॅडमनी एकदा वर्गात विचारलं तेव्हा मी ‘आवड’ म्हणालो आणि खाली बसलो. दादांचं म्हणणं सरळ आहे. यार्डातल्या हमालांसमोर ते मोठ्याने सांगतात, “मी दिवसभर गिलास फुटू नही म्हनीसन जपस, आन हाऊ फुटेल कप इकत लयस.” हमाल हसतात. मीही हसतो. पण कप हातात घेतला, अगदी रिकामा, तरी बोटांना दुसरी बाजू जाणवते इतका तो पातळ असतो, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा. टपरीवरचा जाड ग्लास हातातून पडून उसळी घेतो हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. असं काही इतकं नाजूक करून, बोटीतून, आगगाडीतून, बैलगाडीतून आमच्या फुफाट्यात पाठवायचं, हा भरवसा कोणाला आणि कसा वाटला असेल, या विचाराने मला गुंगायला होतं. हे मॅडमना सांगायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही.

धुळ्याचे कांतीशेठ यांच्याकडे मला कोणीतरी पाठवलं. राजस्थानातून आलेलं जुनं घराणं, एके काळी त्यांची कापसाची जिनिंग गिरणी होती. शेठ आता ऐंशीच्या पुढचे, पांढरा सदरा, बोलणं गोड. त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात पाच कप होते. राखाडी-काळ्या रंगाचे, आणि बाहेरून एक अजगरासारखा प्राणी अंगाबाहेर उठून आलेला, खवल्यांसकट, कपाला वेढा घालून बसलेला. ‘आपला कापूस जपानला जायचा, पेढीवर दिवाळीला तिकडून कपबश्या यायच्या,’ असं शेठ म्हणाले. खरं की पेढीवरची गप, मला सांगता येणार नाही. पण मग ते म्हणाले, “याच्या बुडात बाईचा चेहरा असतो. उजेडाकडे धरला तरच दिसतो.”

मी म्हणालो, “शेठजी, बघू का एकदा?”

“बघ ना. कोण नाही म्हणतो?”

“म्हणजे, हातात घेऊन.”

“अरे भाई, किल्ली सूनबाईकडे. सूनबाई पुण्याला. काचेतून बघ. हात लावायचं काय काम?”

मी पुन्हा गेलो तेव्हा सूनबाई आलेल्या होत्या आणि किल्ली सापडत नव्हती. त्यानंतर गेलो तेव्हा किल्ली होती पण अमावास्या होती. काचेवर माझ्याच श्वासाचं धुकं जमायचं आणि त्याच्यापलीकडे ते पाच कप मागच्या भिंतीला टेकून, अंधाराकडे तोंड करून बसलेले. आत पाच बाया असतील, नसतीलही. निघताना शेठ दर वेळी समजूत काढायचे. शेवटी त्यांनीच सांगितलं की सेट सहाचा होता. सहावा कप त्यांच्या वडिलांनी जिनिंगवर कापूस तोलणाऱ्या तोलाराला दिला होता. पाटील. दोंडाईच्याच्या अलीकडचं गाव. “फुटला असेल कधीच,” शेठ म्हणाले. “शेतकऱ्याच्या घरात असली चीज टिकते काय?”

टिकली होती. मला ती दोन श्रावणांपूर्वी दिसली, आणि बरोबर कानबाईच्याच दिवशी.

त्या वर्षी आमच्या भाऊबंदांत रोट झाला नव्हता, म्हणून मी मोकळा होतो. दोंडाईच्याला उतरून, रिक्षातून, मग पायी. पाटलांच्या ओट्यावर चपलांचा ढीग होता. त्या तोलाराची सून, आता स्वतःच खूप म्हातारी, दारातच बसली होती. तिला सगळे आक्का म्हणतात. मी कॉलेजात शिकलेली मराठी काढली. म्हणालो, “नमस्कार. मी जळगावहून आलो आहे. आपल्याकडे एक जुना जपानी कप असल्याचं समजलं. अभ्यासाच्या दृष्टीने पाहता येईल का?”

आक्काने आत हाक मारली, “शोभा, हाऊ काय बोलस वं? सरकारी शे का?”

शोभावहिनी, म्हणजे त्यांची सून, पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून हसू दाबायला लागल्या. मग मी म्हणालो, “मी पारोळाना शे, आक्का. चहावालाना पोऱ्या.”

“मंग असं सांग ना. बठ. पह्यलं दर्शन ले.”

दर्शनाला आत गेलो. चौरंगावर कानबाई बसली होती, नथीत, हिरव्या खणात, कणसांच्या आडोशाला. आणि तिच्या उजव्या हाताला, तांदळाच्या छोट्या राशीवर, दुधाने भरलेला, कुंकू लावलेला तो कप. राखाडी-काळा. अजगराच्या डोळ्यावर हळदीचं बोट.

तो तिथे कसा आला हे आक्कानेच सांगितलं. त्यांच्या सासूला तो कप नागपंचमी आणि कानबाईच्या मधल्याच दिवसांत मिळाला. शेठकडून आलेला म्हणून तिने तो वापरण्याआधी धुतला आणि दाराच्या उजेडात धरला, तर बाहेर नाग आणि आत बाई. सासूने हात जोडले. त्या कपात कोणी चहा घेतला नाही, कधीच. बशी वापरात गेली आणि फुटली. कप देव्हाऱ्यात गेला. तेव्हापासून दर कानबाईला तो चौरंगावर बसतो, त्यात दूध ठेवतात, आणि सोमवारी मोठी कानबाई नदीत जाते तेव्हा ही धाकटी घरी परत येते.

आक्काने माझा चेहरा बघितला असावा. त्यांनी वाटीत दूध ओतून घेतलं, कप पदराने कोरडा केला आणि दाराकडे धरला. “देख. हात नको लावू.”

तळाची पांढरी माती उजेडाने भरली. आधी काही नव्हतं, मग कपाळ आलं, मग केसांचा मोठा अंबाडा, मग खाली झुकलेल्या पापण्या. रंग कुठेच नाही. माती कुठे जाड, कुठे पातळ, तेवढ्यावर ती बाई उभी होती. आक्काचा हात थोडा थरथरत होता, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर सावली हलायची आणि ती आत्ता वर बघेल असं वाटायचं. मी किती वेळ पाहिलं मला माहीत नाही. शेठच्या काचेवर नाक दाबून जे मिळालं नव्हतं ते इथे एका घरात, पिठाच्या आणि दुधाच्या वासात, फुकट मिळालं. आणि त्याच क्षणी मला तो तडा दिसला. कपाच्या कानापासून निघून थेट बाईच्या केसांपर्यंत गेलेला, केसासारखाच बारीक.

“हो, यंदाच दिसला,” वहिनी म्हणाल्या. “घाईत दूध गरम पडलं असेल.”

“दूधनं काई नही,” आक्का म्हणाल्या. “बाई जावाले निंघनी.”

त्यांनी ते शांतपणे सांगितलं. तडकलेला देव घरात ठेवत नाहीत. यंदा तयारी नव्हती, पुढच्या कानबाईला मोठीबरोबर हिलाही तापीत बोळवायचं. त्यांनी ठरवलंही होतं. मी खाली उतरलो तेव्हा हातात प्रसादाच्या लाह्या होत्या आणि डोक्यात एकच गोष्ट, की एक वर्ष आहे. वर्षाच्या आत तो कप वाचवायचा.

त्या वर्षाबद्दल लिहायला बसलो की माझं अक्षर बिघडतं. मी काही कमी केलं नाही. कपाशीच्या वेचणीत गेलो तेव्हा घरी कुलूप होतं, सगळे शेतात. शेतात गेलो तर आक्का म्हणाल्या, आता तू आलाच आहेस तर हे गाठोडं उचल. गाठोडी उचलून झाली तरी कपाची गोष्ट काढायला वेळ मिळाला नाही. पुढच्या खेपेला मी धीर करून म्हणालो, “आक्का, मला द्या. मी जपून ठेवीन. नदीत टाकण्यापेक्षा बरं.”

“लेक दिधी जास रे भो. कानबाई दिधी जास नही.”

वहिनी चुलीपासून म्हणाल्या, “तुमच्यासाठी मुलगी बघून देते, भाऊ. कपाचं सोडा.”

मग मी जोडण्याचं सुचवलं. तडा सांधता येतो, मी स्वतः सांधले आहेत. आक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. “देवले डिंक लावतस का रे?” आणि मग दोघी सासू-सुना इतक्या हसल्या की शेजारची बाई काय झालं म्हणून आली आणि तिला पुन्हा सगळं सांगून त्या पुन्हा हसल्या. मी चहा पीत बसलो. दुसरं काय करणार?

मग माझ्या मनात आलं की बदल्यात दुसरा कप द्यावा. ट्रंकेतला माझा सगळ्यात चांगला कप, निळ्या फुलांचा, बनियनमधून काढून घेऊन गेलो. आक्काने तो कौतुकाने हातात घेतला, दाराकडे धरला, फिरवला. “चांगला शे. पन आठे बाई नही.” आणि परत दिला. मग बाई असलेला दुसरा कप शोधणं आलं. हिवाळाभर शोधला. जामनेरला एका दुकानात अजगराचा कप मिळाला, अगदी तसाच, मी तिथेच उजेडाकडे धरला आणि माझं बोट आरपार गेलं. बूडच नव्हतं. दुकानदार म्हणाला, “पेनं ठेवायला कामी येईल.” मी तो घेतला. पेनं त्यात ठेवत नाही, पण टाकवतही नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मी बोलत नव्हतो आणि तिचंच मला ओझं होतं. ती बाई कानबाई नव्हती. ती जपानी बाई होती, गाणारी-नाचणारी, आणि तसे कप कारखान्यात ढिगाने बनले होते. हे सांगितलं की देवत्व जाईल, देवत्व गेलं की नदीत बोळवण्याचं कारण जाईल, आणि कप वाचेल. हिशोब सोपा होता. पण मी तो मनात मांडायचो आणि पुढे कप उजेडाकडे धरलेला आक्काचा हात यायचा. ज्या घरात मला काही न विचारता दर्शनाला आत घेतलं, तिथल्या चौरंगावरचा देव मी फोनवरची चित्रं दाखवून खोटा ठरवायचा का? आणि नाही सांगितलं तर ती वस्तू गाळात जाणार, मी हे सगळं माहीत असून बघत बसणार. शिकलेल्या माणसाने खरं सांगावं असं पुस्तकात असतं. ते कोणाला सांगावं आणि कुठल्या तोंडाने, हे त्यात नव्हतं. माझ्या घरी विचारायला कोणी नव्हतं. दादांना विचारलं तर ते म्हणाले, “गिऱ्हाइकले चहा गार झाया हाई सांगानं नस्तं, बदली देवानं ऱ्हास.” माझ्याकडे बदलून द्यायला काही नव्हतं.

चैत्रात सांगितलं. दुपारची वेळ होती, ओट्यावर आक्का कुरडयांना राखण बसल्या होत्या, हातात काठी, कावळ्यांसाठी. मी फोन काढला आणि एकेक चित्र दाखवायला लागलो. तोच अजगर, तीच झुकलेली पापणी, कोणाकोणाच्या हातात, कुठल्या कुठल्या खिडकीच्या उजेडात. म्हणालो, “आक्का, जपानमा कारखाना व्हतात. असा लई कप बनेत. ही तठली बाई शे. नाचनारी.”

आक्काने फोन हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला. मला वाटलं, झालं, आपण काहीतरी मोडलं. मग त्यांनी बोटाने पुढचं चित्र सरकवलं, मग त्याच्या पुढचं.

“शोभा, आठे ये वं. देख, कितला घरमा बठनी शे.”

वहिनी आल्या, वाकून बघायला लागल्या.

“आक्का, तशी नाही,” मी म्हणालो. “ती देवी नाही. तिकडची साधी बाई आहे. हे चहाचे कप आहेत, चहा प्यायचे.”

“जपानमा बाया नही ऱ्हातस का?”

“राहतात ना.”

“मंग तठे बी कानबाई व्हईच. आन नाचनारीनं काय? आपन नही नाचतस तिनापुढे?” त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला आणि एका कावळ्याला काठी दाखवली. “इतल्या घरमा बठस आन तू सांगस कानबाई नही.”

नंतर किरणला हे सांगितलं तेव्हा तो वाहवा म्हणाला. मला वाहवा वाटली नाही. मला राग आला. मी एवढं धैर्य गोळा करून, एवढे दिवस स्वतःला खाऊन जे सांगितलं, ते पाऊस मेणकापडावरून जावा तसं घसरून गेलं. विश्वास तुटला असता तर मी स्वतःला दोष दिला असता. तो तुटलाही नाही आणि कपही मिळाला नाही. परतीच्या पॅसेंजरमध्ये मी खिडकीशी बसून तापीच्या काठाकाठाची केळी बघत आलो आणि मला माझ्याच शिक्षणाची चीड आली. माझं खरं आक्काच्या घरात कशाच्याच उपयोगी पडलं नव्हतं.

आणि मग गेल्या वर्षीचा श्रावण आला. कानबाईचा रविवार जवळ आला तसं मी ठरवलं की निदान जाऊन शेवटचं बघायचं. एखादा चांगला फोटो काढायचा, उजेडाकडे धरून. आक्का नाही म्हणाल्या नसत्या. दादांना फोन केला की रविवारी मी येत नाही, दोंडाईच्याला जातो.  

“तुना नावनी मूठ पडनी शे,” दादा म्हणाले. “दळन बी झाया. तू नही उना तर ती कोन खाई?”

 रोटात माझ्या नावाचा गहू होता, तो माझ्याऐवजी कोणी खायचा नसतो आणि उरूही द्यायचा नसतो. मीच लेखाच्या सुरुवातीला मोठ्या तोंडाने समजावून सांगितला तो हा रिवाज. आक्काच्या घरी एक कप नदीत जाणार होता कारण रिवाज आहे, आणि मला तो बघायला जाता येत नव्हतं कारण रिवाज आहे. सोमवारी सकाळी निघून बोळवणीला तरी पोहोचता आलं असतं, तर त्या दिवशी कॉलेजात अंतर्गत परीक्षा. सरांना विचारलं. ते म्हणाले, “कानबाईची सुट्टी विद्यापीठाच्या वेळापत्रकात दाखव.” त्यांच्याही घरी कानबाई बसते हे मला माहीत होतं.

रविवारी पारोळ्याला रोट खाल्ला. पुरणाची पोळी, खीर, गिलक्याची भाजी, सगळं गोड लागायला हवं ते लागलं नाही. आई म्हणाली, भरवून देऊ का? संध्याकाळी वहिनींना फोन केला, तिकडे गाणी आणि फुगड्यांचा इतका आवाज की मी काय बोलतो ते त्यांना कळेना. “फोटो, वहिनी, कपाचा फोटो,” मी ओरडत होतो आणि त्या म्हणत होत्या, “हो हो, जेवलो, तुम्ही जेवा.” सोमवारी पेपर लिहिला. काय लिहिलं आठवत नाही. बाहेर आलो, फोन उघडला, वहिनींच्या स्टेटसला मिरवणुकीचा व्हिडिओ होता. डोकी, गुलाल, कोणाच्या तरी डोक्यावर कानबाई, एक ट्रॅक्टर, त्यावर भोंगा. मी तो थांबवून थांबवून पाहिला. आक्का एका कोपऱ्यात क्षणभर दिसल्या, पदराखाली काहीतरी धरून चाललेल्या. मग मध्ये कोणाचा तरी हात आला आणि व्हिडिओ संपला.

फोन लागेना. लागला तर उचलेनात. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी असं काहीबाही मनात आणायला लागलो की आयत्या वेळी आक्कांचं मन फिरलं असेल, की ऐन घाटावर कोणाला तरी माझी आठवण झाली असेल आणि म्हणून वहिनी फोन घेत नाहीत, समोर आणूनच देणार असतील. माणूस चिडलेला असला तरी आशा करतो, आणि मग त्या आशेवरच अधिक चिडतो. मी ट्रंक उघडून एक बनियन रिकामी करून ठेवली. हे लिहायला लाज वाटते, पण ठेवली.

बुधवारी मेसमध्ये ताट घेऊन बसलो असताना वहिनींचा फोन आला.

“रागावू नका, भाऊ. घर पाहुण्यांनी भरलं होतं, हात रिकामा नव्हता.”

मी विचारलं, “गेला का?”

“गेला,” त्या म्हणाल्या.  “पण ऐका तर. मोठी कानबाई पाण्यात गेली, आरती झाली, सगळे परत फिरले. आक्का पायरीवरच बसल्या. मी म्हटलं, पाय दुखतात का? तर म्हणे, थर्मासमा चहा शे का? होता, माणसांसाठी नेला होता. मी ग्लास काढला तर म्हणे, गिलास नको, आठे वत. कप पुढे केला.”

“कोणता कप?”

“तोच हो. मी घाबरले. म्हटलं, आक्का, त्यात कसा? तर म्हणे, तो पारोळाना पोऱ्या सांगे, हाऊ चहाना कप शे. इतला वरीस कोनी पेलं नही. एक डाव पेवाले काय जास?”

 मेसमध्ये कोणीतरी आमटी मागत होतं.

“ओतला मी. तड्यातून थोडा गळत होता. त्या हळूहळू प्यायल्या, सगळा. मला म्हणाल्या, चांगला लागस वं. मग खाली वाकून तो तापीत विसळला, आपण रोज विसळतो तसा, आणि सोडून दिला.”